आरक्षण : ग्रंथालय

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका फारसे कोणी वाचत नाही. सदस्यसुद्धा बऱ्याचदा ती सभागृहात बसल्यावर उघडतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ देणे, पाणीपुरवठा केंद्राचे वीजबिल, पथदिवे, नालेसफाई, अशी ती चालत जाते. मग मध्येच कुठेतरी साधारण अशा भाषेतला विषय येतो : मंजूर विकास योजनेतील अमुक क्रमांकाचे ‘ग्रंथालय’ हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र निवासी विभागात समाविष्ट करण्याबाबत नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये विचारविनिमय करून निर्णय घेणे. सूचक कोण, अनुमोदक कोण, एवढे विचारले जाते आणि ‘सर्वानुमते मंजूर’ असा शिक्का बसतो. पुढचा विषय गटाराचा.

त्याच सभेच्या शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ निघतात, आणि त्यांत एखाद्या प्रभागात ‘अद्ययावत वाचनालय व अभ्यासिका’ बांधण्याची मागणी असू शकते. तिलाही कोणी विरोध करत नाही. शहराने पंधरा-वीस वर्षे जपलेला भूखंड एका ठरावाने सोडायचा आणि दुसऱ्या ठरावाने, जागा कुठे ते न ठरवता, इमारत मागायची, यातली विसंगती सभागृहात कोणाला खटकत नाही. कारण घरे हा एक विषय आहे आणि पुस्तके हा दुसरा, असे आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात शहरातल्या ग्रंथालयाचे भवितव्य ठरते ते घरबांधणीच्या फायलीत. तिथे जागा सुटली की पुढे साहित्यप्रेमाच्या कितीही सभा घेतल्या तरी ती परत मिळत नाही.

कायद्याच्या यादीत

१९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान मिळाले आणि बारावी अनुसूची आली. तिच्यात अठरा विषय आहेत. नगररचना पहिल्या क्रमांकावर आहे, जमिनीचा वापर आणि बांधकामांचे नियमन दुसऱ्या. झोपडपट्टी सुधारणा आहे, उद्याने आणि क्रीडांगणे आहेत, स्मशाने आहेत, गुरांचे कोंडवाडे आहेत, कत्तलखाने आहेत. ग्रंथालय हा शब्द नाही. ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना’ या मोघम नोंदीत ते कोंबावे लागते. गंमत म्हणजे त्याच वेळी पंचायतींसाठी ७३ वी दुरुस्ती झाली, आणि तिच्या अकराव्या अनुसूचीत विसाव्या क्रमांकावर ‘ग्रंथालये’ असा स्वतंत्र विषय आहे. खेड्याला ग्रंथालय हवे हे घटनादुरुस्ती करणाऱ्यांना सुचले. शहरात ते आपोआप होईल असे त्यांनी गृहीत धरले असावे.

राज्याच्या कायद्यांतही वेगळे चित्र नाही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मध्ये कलम ४९ खाली परिषदेच्या कामांचे दोन भाग आहेत. दिवाबत्ती, रस्तेसफाई, आग विझवणे, प्राथमिक शाळा ही बंधनकारक कामे. उद्याने, ग्रंथालये, संग्रहालये, सभागृहे ही ऐच्छिक. पैसे उरले आणि इच्छा झाली तर करायची. महापालिकांच्या कायद्यातही ग्रंथालयाची जागा ऐच्छिक कामांतच आहे. नळाला पाणी आले नाही तर मोर्चा निघतो, अधिकाऱ्याला कायद्यातले कर्तव्य दाखवता येते. ग्रंथालय झाले नाही तर दाखवायला कलम नाही.

त्यात समित्यांची विभागणी आडवी येते. नगरपरिषदेत भूखंड हा नियोजन व विकास समितीचा विषय, इमारत सार्वजनिक बांधकाम समितीची, आणि ती चालवायची म्हटली की शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती. एका ग्रंथालयाची फाईल तीन टेबलांवर जाते. पहिल्या टेबलाला जमिनीची किंमत कळते, दुसऱ्याला बांधकामाचे अंदाजपत्रक. तिसऱ्या टेबलाकडे फाईल येते तेव्हा पैसे बहुतेक संपलेले असतात.

लोकांनी काढलेली वाचनालये

महाराष्ट्रातली बरीच जुनी ग्रंथालये नगरपालिकांच्या आधीची आहेत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, कल्याणचे १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. कोठे इंग्रज अधिकाऱ्याने पुढाकार घेतला, कोठे संस्थानिकाने देणगी दिली, पण गाडा ओढला तो वर्गणीदारांनी. त्या काळी गावाच्या पेठेत, चौकात मिळालेल्या जागांवर ही वाचनालये उभी राहिली. आज त्याच जागा शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनी आहेत.

सरकारने या चळवळीकडे पाहिले ते उशिरा. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत टप्प्याटप्प्याची योजना मांडली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिची अंमलबजावणी सुरू झाली ती लोकांनी काढलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याच्या मार्गाने. हाच साचा पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मध्ये पक्का झाला. ग्रंथालये संस्थांची, संचालनालय सरकारचे, आणि मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान, उरलेले दहा टक्के संस्थेने उभे करायचे. ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असेही कायद्यात लिहिले गेले. तेव्हा ती रक्कम मोठी होती.

या साच्याचे श्रेय नाकारता येत नाही. अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये गावोगाव पसरलेली राज्ये भारतात फार नाहीत. पण याच साच्याने नगरपालिकेला मोकळे सोडले. ग्रंथालय ही संस्थेची आणि मुंबईतल्या संचालनालयाची बाब झाली. शहराचा मुख्याधिकारी त्यात कोठेच नाही. अनुदानाची रक्कम पाहिली की उरलेले कळते. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाल्यावर ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर आले. म्हणजे महिन्याला ४ हजार. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि माणसाचे मानधन. भाड्याची जागा असेल तर हिशेब तिथेच थांबतो. म्हणून जागा कोणाची हा प्रश्न आपल्याकडे ग्रंथालयाच्या जगण्यामरण्याचा आहे.

आपल्याच इतिहासात वेगळी वाट होती, हेही सांगायला हवे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि संस्थानभर जाळे विणले. गावाने पैसे जमवले की प्रांत पंचायत तेवढेच घालणार आणि दरबारही तेवढेच घालणार, असा तिघांचा वाटा होता. स्थानिक संस्था त्या हिशेबात पहिल्या दिवसापासून होती. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा कायदा १९४८ चा, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी आला.

नकाशावरचा भूखंड

आता जमिनीकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक शहराची विकास योजना, बोलीभाषेत ‘डीपी’, तयार होते आणि साधारण वीस वर्षांनी तिची फेरतपासणी होते. पुढच्या लोकसंख्येचा अंदाज धरून शाळा, दवाखाना, बाजार, खेळाचे मैदान, ग्रंथालय यांच्यासाठी खासगी जमिनींवर आरक्षणे टाकली जातात. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साधारण १५ हजार लोकसंख्येमागे एक, असे प्रमाण समाजमंदिर, मंगल कार्यालय आणि ग्रंथालय यांना मिळून एकाच ओळीत दिले आहे. या ओळीत स्पर्धा झाली तर कोण जिंकणार हे सांगायला नगररचनाकार लागत नाही. मंगल कार्यालयाचे भाडे येते.

आरक्षण पडले म्हणजे जमीन नगरपरिषदेची झाली, असा अनेकांचा समज असतो. जमीन मालकाचीच राहते. त्याला तिच्यावर दुसरे काही बांधता येत नाही एवढेच. कलम १२६ नुसार ती मिळवण्याचे तीन मार्ग आहेत : मालकाशी बोलणी करून रोख मोबदला, विकास हक्क हस्तांतरण म्हणजे टीडीआर किंवा जादा चटई क्षेत्र (अधिक बांधकामाचा हक्क), नाहीतर भूसंपादन. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत यातले काही झाले नाही, तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना देतो. पूर्वी या सूचनेनंतर पालिकेला सहा महिने मिळत. २००९ मध्ये त्याचे बारा महिने झाले आणि २०१५ पासून चोवीस. त्या मुदतीत संपादनाची ठोस पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते आणि शेजारच्या जमिनीला जे करता येते ते या जमिनीलाही करता येते. नुसता ठराव केला, पत्रव्यवहार केला, याला पाऊल म्हणत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले.

मालकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. दहा वर्षे त्याची जमीन अडकवून ठेवली, पैसे दिले नाहीत, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो ते न्याय्यच आहे. अडचण पालिकेच्या तिजोरीची आणि प्राधान्याची आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाल्यावर मोबदल्याच्या रकमा वाढल्या. टीडीआर मुंबई-पुण्यात विकला जातो, कारण तिथे बिल्डरला चटई क्षेत्राची भूक आहे. तालुक्याच्या गावात दुमजली घरांच्या वस्तीत टीडीआरचे प्रमाणपत्र घेऊन मालकाने कोणाकडे जायचे? तो रोख मागतो. पालिकेकडे असलेली रोकड आधी रस्तारुंदीला जाते, मग पाण्याच्या टाकीला, मग स्मशानाला. ग्रंथालयाच्या भूखंडाची पाळी येईपर्यंत चोवीस महिने उलटून गेलेले असतात.

म्हणून खरेदी सूचनेची तारीख ही शहराच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख आहे. ती नगररचना विभागाच्या आवक नोंदवहीत असते आणि माहिती अधिकारात मागता येते. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला मात्र ती बहुतेक वेळा वर्तमानपत्रातून, मुदत संपल्यावर कळते.

घरांच्या नियमांत

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींत तळमजल्याची एखादी खोली मंडळाची असे. सकाळी व्यायाम, संध्याकाळी वर्तमानपत्रे, कपाटात दोन-चारशे पुस्तके. कोणत्याही नियमावलीने ती सांगितली नव्हती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार असे, त्यामुळे वाचायला घराबाहेरच जावे लागे. आता त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या, प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे. घर मोठे झाले ही चांगलीच गोष्ट आहे. मंडळाच्या त्या खोलीची जागा मात्र आता नियमातच शोधावी लागते.

नियमात काय आहे? मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बालवाडी आणि कल्याण केंद्राबरोबर आणखी काही सुविधा द्याव्या लागतात. आरोग्य केंद्र, अंगणवाडी, कौशल्य विकास केंद्र, महिला उद्योजकता केंद्र, युवा केंद्र किंवा ग्रंथालय अशी ती यादी आहे, आणि तिच्यातून निवड करायची असते. निवडलेल्या सुविधेचे क्षेत्र २५ चौरस मीटर, दर २५० झोपडीधारकांमागे. आज पुनर्वसनाचे घर ३०० चौरस फुटांचे, म्हणजे २७.८८ चौरस मीटरचे आहे. निवडीत ग्रंथालय आलेच, तर अडीचशे कुटुंबांचे ग्रंथालय त्यांतल्या एका घरापेक्षाही लहान असणार.

राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात समावेशक आरक्षणाची सोय आहे : मालकाने आरक्षित सुविधेचा ठरलेला भाग स्वतः बांधून पालिकेला फुकट द्यायचा आणि उरलेल्या जागेवर पूर्ण चटई क्षेत्र वापरून इमारत उभी करायची. पालिकेला रोख लागत नाही, मालकाची जमीन अडकत नाही. छोट्या शहरातल्या ग्रंथालयासाठी हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. पण मंजुरीच्या वेळी काही गोष्टी कागदावर आल्या नाहीत तर तो फसतो. ग्रंथालय कोणत्या मजल्यावर, रस्त्यावरून वेगळा प्रवेश आहे का, उद्वाहन आहे का, तिसऱ्या मजल्यावर पुस्तकांच्या मांडण्यांचे वजन पेलेल असा तळ आहे का, स्वच्छतागृह कोणाचे? हे न ठरवता ताबा घेतला की पालिकेला मागच्या बाजूचा एक गाळा मिळतो. त्यात निवडणुकीचे साहित्य ठेवले जाते.

आकडा लिहिलेला असला की काय होते, तेही याच नियमावलीत पाहायला मिळते. दहा लाखांपेक्षा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत ४ हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. हीच घरे म्हाडाच्या सोडतीत येतात आणि ‘वीस टक्क्यांची योजना’ म्हणून लोक ती ओळखतात. पळवाटा शोधल्या जातात, तक्रारी होतात, पण तक्रार करता येते ती वीस हा आकडा असल्यामुळे. ग्रंथालयासाठी असा आकडा नाही.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. घरामागे चार माणसे धरली तर १ कोटी ४० लाख लोक होतात. १५ हजारांमागे एक हे केंद्राचे प्रमाण लावले तर नऊशेहून अधिक ग्रंथालये किंवा सभागृहे. ती या घरांबरोबर आखली गेली नाहीत तर नंतर आखायला जागा नसेल.

घरपट्टीचा रकाना

जागा मिळाली तरी दरवर्षीचा खर्च उरतो. घरपट्टीच्या बिलावर सामान्य करासोबत वृक्ष कर, अग्निशमन कर, राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असे रकाने असतात. झाडांसाठी आपण वेगळे पैसे देतो, पुस्तकांसाठी देत नाही. दक्षिणेत हा रकाना आहे. तामिळनाडूत मालमत्ता कराच्या दर रुपयामागे दहा पैसे ग्रंथालय उपकर आहे, कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने आलेला उपकर आता सहा टक्के आहे, केरळमध्ये पाच टक्के. शेजारच्या गोव्याने १९९३ च्या कायद्यात मद्यावरील अधिभाराचा मार्ग काढला. 

उपकर आला की सगळे सुरळीत होते असे नाही. बंगळुरूच्या महापालिकेने नागरिकांकडून ग्रंथालय उपकर वसूल केला आणि ग्रंथालय खात्याकडे वेळेवर भरलाच नाही. थकबाकी शेकडो कोटींत गेली. उपकर वेगळ्या खात्यात जमा झाला नाही तर तो गटारावर खर्च होतो, हा कर्नाटकचा धडा आहे. तरी त्या थकबाकीवर तिथे बातम्या होतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे थकायला काही नाही, त्यामुळे विचारायलाही काही नाही.

नवा कर म्हटले की नगरसेवक दचकतात. पण बांधकाम परवानगीच्या वेळी विकास शुल्क आणि अधिमूल्य आजही घेतले जाते, आणि विकास शुल्क सार्वजनिक सुविधांसाठी आहे हे कायद्यातच आहे. त्यातला ठरावीक वाटा ग्रंथालयाच्या स्वतंत्र लेखाशीर्षाखाली टाकायला नवा कर लागत नाही. एक ठराव लागतो.

शिकागो आणि बर्मिंगहॅम

घर आणि ग्रंथालय एकाच फाईलीत बसवण्याचा अलीकडचा सर्वांत स्पष्ट प्रयोग शिकागोने केला. २०१६ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांनी शहराचे गृहनिर्माण प्राधिकरण आणि सार्वजनिक ग्रंथालय यांना एकत्र बसवले, वास्तुविशारदांची स्पर्धा घेतली आणि २०१९ मध्ये तीन इमारती सुरू झाल्या. नॉर्थटाउन आणि इंडिपेंडन्स या दोन ठिकाणी खाली ग्रंथालय आणि वर ज्येष्ठ नागरिकांसाठी प्रत्येकी ४४ घरे. टेलर स्ट्रीटला ७३ घरे, त्यांत गृहनिर्माण प्राधिकरणाची, परवडणाऱ्या भाड्याची आणि बाजारभावाची अशी तिन्ही मिसळलेली. हिशेब सरळ होता. जमीन एकदाच लागली, पाया एकदाच घातला, गृहनिर्माणाचा निधी आणि ग्रंथालयाचा निधी एकाच बांधकामात पडला. आजूबाजूच्या लोकांचाही फायदा झाला. वस्तीत गरिबांची घरे नकोत म्हणून विरोध करणाऱ्यांना त्याच इमारतीत आपल्या मुलांसाठी नवे ग्रंथालय मिळत होते.

इंग्लंड दोन धडे देते. बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०१३ मध्ये सुमारे १८.९ कोटी पौंड खर्चून भव्य ग्रंथालय उघडले. मलाला युसूफझाईच्या हस्ते उद्घाटन झाले, जगभर छायाचित्रे गेली. दोन वर्षांत आठवड्याचे ७३ तास कमी करून ४० वर आणावे लागले, कारण ते चालवायला पैसे नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये तर महापालिकेने आपण अर्थसंकल्प जुळवू शकत नाही अशी जाहीर नोटीसच काढली. बांधकामाचा खर्च एकदा होतो, चालवण्याचा दरवर्षी, हे तिथे पुरते सिद्ध झाले.

दुसरा धडा कायद्याचा. इंग्लंडमध्ये १९६४ च्या कायद्याने सर्वसमावेशक आणि कार्यक्षम ग्रंथालय सेवा देणे हे स्थानिक संस्थेचे बंधनकारक कर्तव्य आहे. नॉर्थहॅम्प्टनशायर काउंटी २०१८ मध्ये आर्थिक संकटात सापडली आणि तिने २१ ग्रंथालये बंद करायचे ठरवले. वाचक कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय बेकायदा ठरवला. तिजोरी तिथेही रिकामी होती, पण नागरिकाच्या हातात कलम होते.

अभ्यासिका आणि ग्रंथपाल

सध्या पालिकांच्या ठरावांत ग्रंथालयापेक्षा अभ्यासिका अधिक दिसते. कारण उघड आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना घरी जागा नाही, आणि पुण्याच्या पेठांत खासगी अभ्यासिकेच्या खुर्चीचे दर महिन्याला भाडे मोजावे लागते. पालिकेने अभ्यासिका काढणे योग्यच आहे. ती बांधायलाही सोपी : टेबले, खुर्च्या, पंखे, वायफाय, कुलूप. पण चौथीतल्या मुलीला तिथे प्रवेश नाही, निवृत्त शिक्षकाला नाही, दुपारी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या रिक्षावाल्याला नाही. अभ्यासिका एका वयाची गरज भागवते. ग्रंथालयाचा एक मजला तिला द्यावा, पाटी मात्र ग्रंथालयाचीच असावी.

आणि ग्रंथालय चालवायला ग्रंथपाल लागतो. इथे पालिकेचा आकृतिबंध आडवा येतो. मंजूर पदांच्या त्या तक्त्यात ग्रंथपालाचे पद नसेल तर भरती करता येत नाही, आणि आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचे बंधन असल्याने नवे पद मागायला मुख्याधिकारी धजावत नाही. मग इमारत एखाद्या मंडळाला चालवायला दिली जाते, नाहीतर ठेकेदाराचा माणूस दार उघडतो आणि बंद करतो. पुस्तकांची खरेदी निविदेने होते. वाचकाला काय हवे ते विचारणारे कोणी नसते. दुसरीकडे शासनमान्य ग्रंथालयांतले प्रशिक्षित कर्मचारी तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे काम करत आहेत. पालिकेची जागा आणि जुन्या संस्थेचा अनुभवी ग्रंथपाल यांची रीतसर करार करून सांगड घातली तर आकृतिबंधाचा अडसर बराचसा दूर होतो. त्या करारात वेळा, वर्गणी, पुस्तकखरेदीची रक्कम आणि वार्षिक तपासणी लिहिलेली असली पाहिजे. नाहीतर इमारत मंडळाच्या अध्यक्षाची होते.

सभागृह भरले आहे, आता

मधली काही वर्षे तर ठराव मांडायलाच कोणी नव्हते. कोल्हापूर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार या महापालिकांत २०२० पासून, मुंबई, पुणे, ठाण्यासह इतर अनेकांत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. नगरपरिषदांचीही तीच गत. आरक्षणे वगळण्याचे, जागा भाड्याने देण्याचे निर्णय एका सहीने होत होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या, जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. आता प्रत्येक प्रभागाला विचारायला माणूस आहे.

त्याला काय विचारायचे, ते सांगून थांबतो. आपल्या शहराच्या मंजूर विकास योजनेत ग्रंथालयाची आरक्षणे किती, त्यांतली किती ताब्यात आहेत आणि किती जणांनी कलम १२७ ची सूचना दिली आहे, याची यादी मागा. कलम ३७ खाली फेरबदलाची जाहिरात निघाली की हरकतीसाठी महिनाभराची मुदत असते, त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला हजर राहा. ग्रंथालयाचा कोणताही ठराव आला तर त्याच ठरावात जागा, वार्षिक तरतूद आणि चालवणारा माणूस या तिन्हींचा उल्लेख आहे का ते पाहा. एक जरी नसेल तर तो परत पाठवायला सांगा. आमदारांकडे मागणी करायची असेल तर दोनच करा : नगरपरिषद आणि महापालिकांच्या कायद्यांत ग्रंथालय बंधनकारक कामांच्या यादीत घाला, आणि मोठ्या गृहप्रकल्पांत त्याच्या क्षेत्राचा आकडा लिहा.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऐच्छिक काम करायला कायद्याने कोणत्याही नगरपरिषदेला मनाई केलेली नाही. सभागृहाने ठरवले तर पुढच्याच अंदाजपत्रकात ग्रंथालयाचे लेखाशीर्ष उघडता येते. ते उघडले गेले नाही तर दोष कायद्याचा नाही, ज्यांनी मागितले नाही त्यांचा आहे.